आटवलेलं पाणी

खत कसं मुरवावं हे तानुबाईला विचारावं, असं येरळेकाठच्या त्या पाचसात गावांत लोक म्हणायचे. विचारायला गेलेल्याला ती फार काही सांगायची नाही. "शेणाला काय शिकवायचं असतंय? त्येला वाळू द्यायचं न्हाई, बास," एवढं बोलून पुन्हा खराटा हातात घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई गुपित फोडत नाही. खरं म्हणजे तिनं आपली सगळी विद्या त्या एका वाक्यात देऊन टाकलेली असायची. पण फुकट मिळालेली विद्या कुणाला पटते?

तासगावपासून तीन कोसांवर, गावाबाहेर मळ्यात तिची वस्ती. साडेचार एकर रान, दोन बैल, एक म्हैस, आणि विहीर. ती विहीर नवऱ्यानं आठ वर्षं मुरूम फोडून पाडली आणि पाणी लागलं त्याच साली तो तापानं गेला. त्याच्या आधी तीन वर्षांची पोरगी पटकीत गेलेली. मागं राहिला हंबीरराव नावाचा एक मुलगा आणि ती विहीर. तानुबाईनं दोघांनाही सारख्याच मायेनं सांभाळलं. विहिरीचं पाणी गोड; आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका तिथंच घागरी भरायच्या, आणि त्या येतात याचा तानुबाईला अभिमान होता.

खताचा खड्डा तिनं विहिरीच्या वरच्या अंगाला, दहा पावलांवर घेतला होता. त्यात अक्कलहुशारी होती. वर गोठा, मध्ये खड्डा, खाली विहीर. गोठ्यातलं मूत नालीनं आपोआप खड्ड्यात यायचं, आणि खड्डा ओला ठेवायला मोटेचं पाणी हाकेच्या अंतरावर. शेण, पाचट, राख, कोंबड्यांची घाण, सगळं थरावर थर टाकायचं आणि दर आठ दिवसांनी वरून पाणी सोडायचं. इतरांचे उकिरडे उन्हानं वाळून भुसकट व्हायचे. हिचं खत काळंभोर, हातात धरलं तर लोण्यासारखं. खड्ड्यात कितीही पाणी सोडा, तुंबत नसे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर मुरलेलं. कुठं मुरतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण मुरणं हे चांगलंच असतं.

शिवाय दर पौषात माणदेशातला धनगर लेंडीखतासाठी तिच्या रानात मेंढरं बसवायचा. तीनशे मेंढरं, पाच रात्री, विहिरीच्या भोवतीनं. लढाईच्या दिवसांत जास्त धान्य पिकवायची मोहीम निघाली, तेव्हा एक साहेब काठीनं खड्डा मोजून गेला, खत नाकाशी धरून हसला, आणि दोन महिन्यांनी तालुक्यातला उत्तम खड्डा म्हणून कागद आला. तानुबाईनं तो तासगावला नेऊन काचेत बसवून आणला आणि देव्हाऱ्याच्या वर टांगला. वाचता येत नव्हतं, पण रोज पुसायची.

त्या दिवसांत ती जरा चढूनच बोलायची. "माज्या हिरीचं नुसतं पानी पाजा, खत घालूच नगा," म्हणायची. आणि ते खरं होतं. पाटाच्या कडेला लावलेल्या वांग्यांना तिनं कधी मूठभर खत घातलं नव्हतं, तरी पानं काळीहिरवी, तळहाताएवढी. फळ मात्र कमी. लोक म्हणत, बाईच्या हाताला गुण आहे. एकटा जोतीराम गुळव्या तेवढा कुरकुरला. तिचा ऊस जाडजूड, पण गूळ काळा आणि मऊ, ढेप धरीना. काहिलीतला रस चाखून तो म्हणाला, "तानुबाई, तुज्या उसाला खत लय झालंय. रस खारा लागतोय. आवंदा नुसत्या पान्यावर ऊस आन." तानुबाईनं त्याला सुनावलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." माणूस खोटं बोलत नव्हता; पण काचेतला कागद त्याच्याकडं नव्हता ना.

हंबीररावाला मुलगी त्या धनगरानंच सुचवली. म्हसवडची, शेतकरी घरातली, नाव चंद्रा. बेचाळीसच्या उन्हाळ्यात लग्न झालं, पुढच्या वर्षाच्या अखेरीला पलटणीत भरती झालेला हंबीरराव बोटीनं इटलीला गेला, आणि चव्वेचाळीसच्या सुरुवातीला चंद्राला माहेरी मुलगा झाला. तीन महिन्यांचं पोर घेऊन ती सासरी आली. गुटगुटीत होतं. चंद्राला दूध कमी. म्हसवडला ती अंगावर पाजून वर बकरीचं दूध पाणी घालून द्यायची. इथंही तेच चालू झालं. फरक एवढाच की इथं पाणी तानुबाई तयार करायची.

आणि ते तयार करणं म्हणजे व्रतच होतं. पटकीत पोरगी गेल्यापासून कच्च्या पाण्याची तिनं धास्ती घेतलेली. तान्ह्याच्या पोटात जायचं पाणी निम्मं होईस्तोवर आटवायचं, हे तिच्या आईनं सांगितलेलं. सकाळी विहिरीवरून कळशी आणायची, तपेल्यात ओतायची, चार वावडिंगं टाकायची आणि चुलीपुढं बसायचं. ओली लाकडं, डोळ्यांत धूर, तरी जागची हलायची नाही. निम्मं झालं की फडक्यातून गाळून पोराला पाजायच्या बोंडल्यात. "माजं पोर कच्च्या पान्यानं गेलं. ह्येला म्या थेंबभर कच्चं देनार न्हाई," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दहाव्या दिवशी पोराचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसायला लागले. मग नखं पाटीच्या रंगाची झाली. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाही. नुसतं मलूल होऊन पडायचं आणि रडायलाही जोर नसायचा. अंगारा झाला, नजर काढून झाली. तानुबाईनं पाणी जास्तच निगुतीनं आटवलं. सोळाव्या दिवशी पोर गेलं. विहिरीपलीकडच्या बांधाला, लिंबाखाली, तानुबाईनं त्याला स्वतःच्या हातानं पुरलं. बापानं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

दुःखात माणूस बोलू नये ते बोलतो. आधी सुनेच्या पायगुणाची कुजबुज गावात झाली, आणि मग चुलीपुढं बसल्या बसल्या तानुबाईच म्हणाली, "तुज्या दुधातच काय तरी हाय, चंद्रा." वाक्य एवढंच. पण सासूनं म्हटलेलं वाक्य गाव झेलतं. पुढं तीन वर्षं चंद्रा हळदीकुंकवाला गेली की बायका आपली तान्ही मुलं पदराखाली घ्यायच्या. चंद्रा कुणाला काही म्हणाली नाही. तिनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलून पायातल्या वहाणा काढल्या आणि अनवाणी फिरायला लागली.

लढाई संपली, हंबीरराव दोनदा रजेवर येऊन गेला, आणि स्वातंत्र्य आलं त्या श्रावणात चंद्राला माहेरी दुसरा मुलगा झाला. आईच्या आग्रहानं तिनं त्याला तिथं अंगावरच पाजलं. पोरानं चांगलं अंग धरलं. नाव ठेवलं ज्ञानू. कार्तिकात ती त्याला घेऊन सासरी आली. हंबीररावाची पलटण तोवर काश्मीरच्या वाटेला लागली होती.

इथं अंगावरच्या जोडीला बकरीचं दूध आणि आटवलेलं पाणी पुन्हा सुरू झालं. बारा दिवस तानुबाईनं पोराला जमिनीवर ठेवलं नाही. तेराव्या दिवशी न्हाऊ घालताना तिनं त्याचा हात उजेडात धरला. नखं पाटीच्या रंगाची होती.

"तुजं दूध बंद कर," ती म्हणाली. "आजपास्नं वरचंच द्यायचं."

चंद्रानं मान हलवली. तिलाही स्वतःच्या दुधाचं भय होतं. तीन वर्षं तेच तर ऐकत होती. तिनं छातीला पट्टा आवळला आणि पोर तिच्याकडं तोंड वळवून रडलं की भिंतीकडं तोंड करून बसायची. तानुबाईनं या वेळी निम्म्यावर भागवलं नाही. कळशीचं पाणी पाव होईस्तोवर आटवलं. दोन दोन तास चुलीपुढून उठली नाही. पोर दोन दिवसांत निळंकाळं पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई मोट धरून होती, तेवढ्यात चंद्रा पोराला घेऊन निघून गेली. शेजारच्या भाऊसोची गाडी तासगावच्या बाजाराला चालली होती, तीत बसली. तानुबाई परत येऊन पाहते तर पाळणा मोकळा. तिला संताप आला, मग भीती वाटली, आणि संताप बरा होता असं वाटायला लागलं. दोन दिवस तिनं वाट पाहिली. मग भाकरी बांधून घेतली आणि तासगावला चालत गेली.

तिथं विष्णुपंत डॉक्टरांकडं चंद्रा पोराला घेऊन आली होती, एवढं भाऊसोनं सांगितलं होतं. डॉक्टर वयस्क, सडेतोड. पायरीवर बसलेल्या तानुबाईला त्यांनी आत बोलावलं.

"मूल सुधारलं. ओठांवर रंग आला," ते म्हणाले. "तुमची सून आज सकाळच्या मोटारीनं म्हसवडला गेली. बसा. मला काही विचारायचं आहे. मुलाच्या टाचेतून मी थेंबभर रक्त काढलं, तर ते काकवीसारखं निघालं. असं रक्त मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही त्याला पाजत काय होतात?"

तानुबाईनं सांगितलं. बकरीचं दूध, आटवलेलं पाणी. कुणी बोट दाखवू नये म्हणून सगळं नीट सांगितलं: वावडिंग, फडकं, निम्मं, आणि या वेळी तर पाव. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी विहीर कुठं, गोठा कुठं, उकिरडा कुठं, असं एकेक विचारलं. उकिरडा म्हटल्यावर तिनं सुधारून सांगितलं की उकिरडा नाही, खड्डा आहे, सरकारचा कागद आहे त्याला. खड्ड्यापासून विहीर किती पावलं, हे ऐकल्यावर डॉक्टर उठले आणि कपाटातून एक विलायती मासिक काढून घेऊन आले. लढाई संपल्यावर टपाल सुरू झालं, तेव्हा आलेलं.

"समुद्रापलीकडच्या एका डॉक्टरानं लिहिलंय. तिथल्या शेतकऱ्यांचीही तान्ही मुलं अशीच निळी पडली. त्यांच्याही विहिरी शेणखताजवळ होत्या. बाई, खत कुजलं की त्यातलं सत्त्व पाण्यात विरघळतं. पीक घेतं तेवढं घेतं. उरलेलं पाण्याबरोबर खाली उतरतं. तुमच्या मुरमाखाली विहीरच आहे. मोठ्या माणसाला ते बाधत नाही. पण चारसहा महिन्यांच्या आतल्या मुलाच्या पोटात गेलं, की त्याच्या रक्ताला वारा धरता येत नाही."

"पन म्या आटवून दिलं," तानुबाई म्हणाली. "कच्चं न्हाई दिलं."

डॉक्टर म्हणाले, "आटवून पटकीचे जंतू मरतात. पण मिठाचं पाणी आटवलं तर काय होतं?"

"खारट हुतं."

"तसंच हे."

अडाणी बाई, पण तपेली, मीठ आणि चूल तिला कळत होती. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. फक्त उठता उठता म्हणाली, "म्हंजी पयला बी." डॉक्टर मासिक मिटत होते, ते त्यांनी दोनदा मिटलं. वर्षाच्या पुढं मुलाला भीती नाही, आणि खड्डा बुजवला तरी विहीर निवळायला बरीच वर्षं लागतील, असं त्यांनी तिला दारात सांगितलं.

तीन कोस चालून ती मळ्यात आली ती थेट पाटाच्या कडेला. वांग्याची पानं काळीहिरवी लवत होती. जोतीराम बरोबर होता. तिनं स्वतःच तर दहा वर्षं गावभर सांगितलं होतं की आपल्या पाण्यातच खत आहे. ती तिथं बसली आणि मोठ्यानं रडली. रान मोकळं होतं म्हणून रडता आलं.

इथवर तिला कुणी दोष देऊ नये. नकळत घडलं त्याला माणूस काय करील? दोष पुढचा आहे. तिनं खड्डा उपसला, माती भरून बुजवला, आणि कुणी विचारलं तर सांगितलं, "गुडघं दुखत्यात, आता खत हुईत न्हाई." धनगराला परत पाठवलं. ज्या घरी तान्हं मूल असेल तिथं ती येरळेच्या झऱ्याचं पाणी डोक्यावरून नेऊन द्यायला लागली आणि म्हणाली, "नवस हाय माजा." नातवासाठी बाई एवढी झिजते म्हणून गाव तिच्या पाया पडायला लागलं. काचेतला कागद तिनं काढला नाही, कारण काढला असता तर कारण विचारलं असतं. आणि सून नातवाला घेऊन माहेरी का राहिली, याचं गावानं लावलेलं कारण, की चंद्राच्या दुधात विष आहे आणि तिनं दुसऱ्यालाही खाल्लं असतं, तेही तिनं तसंच राहू दिलं. शब्द कितीदा तरी ओठांपर्यंत आले. पण खताच्या तानुबाईनं नातू मारला, हे ऐकायची तिची छाती होईना. दोन वर्षं गेली.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर हंबीररावानं पत्रातून बायकोला बजावलं, तेव्हा चंद्रा दोन दिवसांसाठी सासरी यायला निघाली. तासगावापासून भाऊसोची गाडी केली होती. गाडीतून ती उतरली तेव्हा एका कडेवर ज्ञानू होता, दुसऱ्या कडेवर फडक्यानं तोंड बांधलेली कळशी. पाय अनवाणीच.

"कळशी कशाला गं?" तानुबाईनं विचारलं.

"वाटंत लागतं पानी," चंद्रा म्हणाली.

वाट तर संपली होती. पण कळशी तिनं उतरंडीपाशी नीट ठेवली आणि पोराला त्यातलंच पाजलं. तानुबाईनं नातवाला जवळ घेतलं, गूळशेंगा दिल्या, तो खदाखदा हसला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कळशी संपली. त्याच वेळी वस्तीवरच्या बायका पाण्याला आल्या होत्या. विहिरीवर रहाट कुरकुरत होता, तो ऐकून ज्ञानू तिकडं धावला आणि आजीचा पदर ओढून म्हणाला, "आजे, पानी."

त्याला आता दोन वर्षं होऊन तीनचार महिने उलटले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भीती नाही. भरलेली घागर समोर होती. आयुष्यभर वाटसरूला, गुरांना, कुत्र्यामांजरांना जिनं पाणी नाही म्हटलं नाही, ती नातवाला म्हणाली, "न्हाई."

पोर रडायला लागलं. अंबूबाई म्हणून म्हातारी होती, ती आपली घागर पुढं करून म्हणाली, "आगं, पानी मागतंय लेकरू. न्हाई काय म्हनतीस?"

"ह्या पान्यानं त्येचा भाऊ मेला," तानुबाई म्हणाली.

रहाट थांबला. तिचं तिलाच कळलं की आता मागं फिरता येणार नाही. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टर, खड्डा, आटवणं, सगळं. शेवटी म्हणाली, "चंद्राच्या दुधात काय न्हवतं. त्येला पानी आटवून आटवून म्या पाजलं. दोन वर्सं मला ठावं हाय, आन् म्या गप बसले."

एका तरुण बाईनं घागर विहिरीकाठी रिकामी केली आणि वाटेला लागली. तिच्यामागं बाकीच्या. अंबूबाई तेवढी भरलेली घागर घेऊन गेली, तिला नदी लांब पडायची.

चंद्रा पोराला थोपटत उभी होती. तानुबाईनं तिच्याकडं पाहायचं धाडस केलं.

"मला बी ठावं हुतं," चंद्रा म्हणाली. "माजं दूध बंद केलं, तरी पोर जास्तच काळं पडाय लागलं. तवाच समजलं, माजं दूध न्हवं. मग ऱ्हायलं काय? पानी."

"मग बोलली का न्हाईस, पोरी?"

"काय बोलू, आत्याबाई? तुमी धुरात बसून आटवत हुता. डोळं लाल करून. कसं बोलायचं मानसानं?" ती जरा थांबली. "तुमाला ठावं न्हाई म्हनून गप ऱ्हायले म्या. तुमाला ठावं हुतं, ह्ये न्हवतं मला ठावं."

मग चंद्रानंच विचारलं, "पयला कुठं निजवलाय?" इतकी वर्षं तिनं ते विचारलं नव्हतं. तानुबाईनं लिंबाखालचा बांध दाखवला. चंद्रा तिथं जाऊन उभी राहिली, वाकून हातानं काटक्या बाजूला केल्या आणि परत आली.

मग तिनं ज्ञानूला खाली उतरवलं, रहाटाचा दोर सोडला, बादली वर ओढली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. पोट भरेपर्यंत प्यायली. ज्ञानू तिच्या लुगड्याला धरून हात पसरत होता. त्याला तिनं दिलं नाही. तोंड पुसून तिनं त्याला कडेवर घेतलं, रिकामी कळशी उचलली आणि भाऊसोच्या वस्तीकडं, गाडी जुंपायला सांगायला निघाली.